तासाचे किती, आणि किती तास?

थेरपिस्टला केलेला पहिला फोन बहुतेकदा एकाच प्रश्नावर संपतो. ‘एका सेशनचे किती?’ पलीकडून ‘पंधराशे’ असं उत्तर येतं, अलीकडचा माणूस ‘बरं, कळवतो’ म्हणतो आणि काही कळवत नाही. आठवड्याला पंधराशे, म्हणजे महिन्याला सहा हजार, म्हणजे वर्षाला बहात्तर हजार, हा हिशेब फोन ठेवायच्या आत मनात होऊन गेलेला असतो. गुणाकार बरोबर आहे, चुकलंय ते गृहीतक. वर्षभर दर आठवड्याला जावं लागतं अशी माणसं थोडी. चिंता, पॅनिक, सौम्य ते मध्यम नैराश्य अशा तक्रारींवर आखीव पद्धतीने होणारी थेरपी साधारण बारा ते वीस सत्रांत आटोपते. घरातला एखादा पेच किंवा अडलेला निर्णय असेल तर चार-सहा सत्रंही पुरतात. उलट लहानपणी झालेल्या अत्याचाराची जखम असेल, किंवा स्वभावात खोलवर बसलेल्या अडचणी असतील, तर वर्ष-दीड वर्ष लागू शकतं.

म्हणून दर विचाराच, पण त्याला जोडून आणखी दोन प्रश्न विचारा. ‘माझ्यासारख्या तक्रारीला साधारण किती सत्रं लागतात?’ आणि ‘उपयोग होतोय की नाही, हे कितव्या सत्राच्या सुमाराला आपण बघू?’ अनुभवी माणूस नेमका आकडा छातीठोकपणे सांगणार नाही, पण अंदाज देईल आणि कधी थांबून आढावा घ्यायचा तेही सांगेल. ‘ते काही सांगता येत नाही, तुम्ही सुरू तर करा’ एवढंच उत्तर आलं, तर आणखी एका ठिकाणी फोन लावायला हरकत नाही.

कुणाकडे जायचं

पाटीवर ‘मानसोपचारतज्ज्ञ’ असं लिहिलेलं असलं तरी आत तीन वेगवेगळ्या शिक्षणांची माणसं बसलेली असू शकतात, आणि चुकीच्या दाराशी गेल्याने जेवढे पैसे वाया जातात तेवढे महागड्या फीमुळे जात नाहीत.

सायकॅट्रिस्ट म्हणजे डॉक्टर. एमबीबीएस झाल्यावर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला. औषधं लिहून देण्याचा अधिकार या तिघांत फक्त त्याला. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक त्याच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी करून त्यावर रुग्णालयात राबून घेतलेलं प्रशिक्षण असतं, बहुधा दोन वर्षांचं एमफिल. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे सगळे जिला ‘आरसीआय’ म्हणतात तिच्याकडे असावी लागते. तिसरा काउन्सेलर, म्हणजे समुपदेशक. इथे मात्र जपून. चांगल्या समुपदेशकाकडे मानसशास्त्राची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि एखाद्या ज्येष्ठाच्या देखरेखीखाली केलेलं काम असतं. पण तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेल्या माणसालाही ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावता येते. २०२१ साली केंद्राने आरोग्याशी निगडित व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात मानसशास्त्रज्ञही येतात, पण त्याची घडी अजून बसते आहे. तोवर चौकशी आपणच करायची.

आता निवड. झोप उडाली आहे, अन्न जात नाही, वजन उतरलंय, कामावर जाणं बंद झालंय, कुणी नसताना आवाज ऐकू येतात, कुणी पाळतीवर आहे असं वाटतं, जीव द्यावासा वाटतो, यांतलं काहीही असेल तर आधी सायकॅट्रिस्ट. तिथे औषध सुरू होऊन माणूस जरा स्थिर झाला की बोलण्याच्या उपचाराला अर्थ येतो. दिवसाचं काम चाललंय पण आतून पोखरल्यासारखं झालंय, नवरा-बायकोत संवाद उरला नाही, घरातलं माणूस गेलं त्यातून सावरता येत नाही, परीक्षेचं भय बसलंय, राग आवरत नाही, अशा वेळी चांगला समुपदेशक पुरतो. मधल्या सगळ्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, किंवा मुलांच्या अभ्यासातल्या अडचणी आणि त्यांच्या चाचण्या हे खास त्यांचंच क्षेत्र.

या सगळ्याच्या आधी एक स्वस्त पायरी आहे, ती बहुतेक जण गाळतात. आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरला जाऊन भेटा आणि हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड मंदावला की माणूस हुबेहूब उदास दिसतो. तो जास्त काम करू लागला की छातीत धडधड, हाताला कंप आणि घाबरंघुबरं होणं सुरू होतं. हजार-दीड हजारात हा प्रश्न निकालात निघतो. बाळंतपणानंतरच्या किंवा पाळी जाण्याच्या काळातल्या बायकांनी स्त्रीरोगतज्ज्ञालाही नुसतं ‘अशक्तपणा वाटतो’ न सांगता ‘उगाच रडू येतं, बाळाला घ्यावंसं वाटत नाही’ असं स्पष्ट सांगावं.

दर

पुढचे आकडे ढोबळ आहेत. शहर, अनुभव, भागातलं भाडं यांप्रमाणे ते वरखाली होतात, पण खिशात किती टाकून निघायचं याचा अंदाज येईल. मुंबईत आणि पुण्याच्या मध्यवस्तीत पन्नास मिनिटांच्या सत्राला १,२०० ते ३,००० रुपये सर्रास आहेत. वांद्रे-कुलाब्याकडे नावाजलेल्या ठिकाणी त्याहून जास्त. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे ७०० ते १,५००. तालुक्याच्या गावी समुपदेशक सापडलाच, तर ३०० ते ८००. सायकॅट्रिस्टची पहिली भेट शहरात १,००० ते २,५००, पुढच्या भेटी त्याच्या निम्म्या-पाऊण. फरक वेळेचा आहे. पहिल्या भेटीत अर्धा-पाऊण तास, नंतर दहा-पंधरा मिनिटं. ‘डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत’ ही तक्रार बऱ्याचदा याच्यातून येते. औषधाचा आढावा हे त्या भेटीचं काम असतं, मनातलं मोकळं करायला वेगळा तास वेगळ्या माणसाकडे घ्यावा लागतो.

जोडप्याचं सत्र दीडपट ते दुप्पट. मानसशास्त्रीय चाचण्यांचं बिल वेगळं, दोन हजारांपासून दहा हजारांपर्यंत. म्हणून चाचणी सुचवली की ‘हिच्या निकालाने उपचारात काय बदलेल?’ असं विचारून घ्या. मुलाला परीक्षेत सवलत मिळवायची असेल तर हा खर्च टळत नाही. मोठ्या माणसाच्या साध्या चिंतेसाठी चाचण्यांची माळ लावत असतील तर मला तरी ते पटत नाही.

एक हिशेब मांडून बघू. समजा, चिंचवडला राहणारी, खासगी नोकरीतली तिशीची बाई. लोकलमध्ये, लिफ्टमध्ये अचानक जीव घाबरा होतो, आता मरते की काय असं वाटतं. ईसीजी दोनदा काढून झाला, हृदय ठणठणीत. सायकॅट्रिस्टने पॅनिक सांगितलं, रोजची एक गोळी नऊ महिने सुचवली आणि जोडीला थेरपी. रक्ततपासण्या १,००० रुपये. सायकॅट्रिस्टची पहिली भेट १,२०० आणि पुढे सातशेप्रमाणे पाच भेटी, मिळून ४,७००. औषधं महिना चारशेप्रमाणे ३,६००. थेरपी १,२०० रुपयांची, आधी आठ आठवडे दर आठवड्याला, नंतर पंधरा दिवसांनी चार वेळा, एकूण बारा सत्रांचे १४,४००. रिक्षाचे जाऊन-येऊन दोनशे धरले तर २,४००. एकूण झाले २६,१०० रुपये. नऊ महिन्यांत विभागले तर महिन्याला २,९०० पडतात, पण खर्च असा सारखा पसरत नाही. पहिल्या दोन महिन्यांतच पंधरा हजारांच्या आसपास जातात आणि पुढे तो झपाट्याने उतरतो. नेमक्या त्या दुसऱ्या महिन्याच्या तोंडाशी, ‘बरं वाटतंय, आता कशाला?’ म्हणून लोक सोडतात आणि केलेला खर्च पाण्यात घालतात. तेव्हा सुरुवात करण्याआधी पहिल्या दोन महिन्यांचे पैसे बाजूला काढून ठेवा. तेवढे निघत नसतील तर दर आठवड्याऐवजी सुरुवातीपासूनच पंधरा दिवसांनी येऊ का, हे मोकळेपणाने विचारा. अर्धवट सोडण्यापेक्षा ते बरं.

औषधांच्या बाबतीतही तेच. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, काहींना जास्तही, आणि बरं वाटू लागल्यावरही त्या सहसा सहा-नऊ महिने चालू ठेवतात. मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोपेची वाट. या गोळ्यांची चटक लागत नाही. लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांची, ज्या ओळखीच्या केमिस्टकडून ‘झोपेची द्या जरा’ म्हणून महिनोन्‌महिने आणल्या जातात. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगितलं तर जनऔषधी केंद्रात पुष्कळ गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

पैसे नसतील तर

सरकारी दवाखान्यात मनोविकाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो, हे अनेकांच्या गावीही नसतं. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तो चालतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून केसपेपरसकट तपासणी-उपचार निःशुल्क आहेत. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, शीव, नायर, जेजे इथे नाममात्र पैशांत उत्तम सायकॅट्रिस्ट भेटतात. त्यातले कित्येक पुढे खासगीत दोन हजार घेणारे होतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयंही बाहेरच्या रुग्णांना तपासतात. नाव ऐकून लोक बिचकतात, पण ओपीडीत दाखवून गोळ्या घेऊन माणूस जेवायला घरी जातो. गोव्यात हेच काम बांबोळीची मनोविकार संस्था करते.

तिथलं चित्र मात्र आधीच माहीत असू द्या. साडेआठला रांगेत उभं राहायचं, केसपेपर काढायचा, मग बाकावर. एका बाकावर झोपेत बडबडणारा म्हातारा, त्याला धरून बसलेली सून, शेजारी कॉलेजची बॅग पोटाशी घेतलेला मुलगा, दारात ‘नंबर तेवीस’ ओरडणारे मामा. आत दोन टेबलांवर दोन डॉक्टर, मध्ये पडदा असेलच असं नाही. पाच-सात मिनिटं मिळतात, आणि पुढच्या वेळी डॉक्टर बदललेला असू शकतो. औषध चोख मिळतं, निवांत बोलणं मिळत नाही. म्हणून ज्यांचा हात तंग आहे त्यांनी दोन्हींची सांगड घालावी. निदान आणि गोळ्या सरकारी दवाखान्यातून, आणि महिन्यातून दोन सत्रं बाहेर कमी फीच्या ठिकाणी. वर मांडलेल्या हिशेबातले सायकॅट्रिस्टचे आणि औषधांचे आठ हजार असे जवळजवळ सगळे वाचतात. जाताना औषधांची नावं, आधीच्या तक्रारी, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, हे एका कागदावर लिहून न्या. पाच मिनिटांची दहा होत नाहीत, पण पाच तरी कामी येतात.

कमी फीची ठिकाणं शोधायला थोडं हिंडावं लागतं. मानसशास्त्र शिकवणाऱ्या काही विद्यापीठ विभागांत आणि महाविद्यालयांत शिकाऊ समुपदेशक देखरेखीखाली काम करतात, तिथे दोनशे-तीनशेत किंवा फुकटही सत्र मिळतं. शिकाऊ आहे म्हणून नाक मुरडू नका. त्याच्या मागे अनुभवी माणूस प्रत्येक केस तपासत असतो, एकट्याने दुकान थाटलेल्या कित्येकांच्या मागे तेही नसतं. ठाण्यात १९९०पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्यसंस्था आहे, तिथे सायकॅट्रिस्टपासून समुपदेशकापर्यंत सगळे एकाच छताखाली आणि मराठीत बोलणारे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा २०१२पासून फोनवर आणि ईमेलवर विनामूल्य समुपदेशन करते. दारूचा प्रश्न असेल तर पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६पासून ते काम करतंय, आणि व्यसनी माणूस यायला तयार नसला तरी घरच्यांनी सल्ल्यासाठी आधी जायला काहीच हरकत नाही.

खासगी थेरपिस्टही काही तास कमी फीचे राखून ठेवतात. त्याला ते ‘स्लायडिंग स्केल’ म्हणतात. पण विचारल्याशिवाय मिळत नाही, आणि आपल्याकडे विचारायचीच लाज. घासाघीस करायची नाही, सरळ लिहायचं: ‘नमस्कार. मला चार महिन्यांपासून झोपेचा आणि घाबरण्याचा त्रास आहे. तुमच्याकडे यायची इच्छा आहे, पण मला एका सत्रासाठी सहाशे रुपयांपर्यंतच परवडेल. तुमच्याकडे कमी फीची वेळ आहे का? नसल्यास दुसरं कुणी सुचवाल का?’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नाही म्हणणारा बहुधा एखादं नाव देतो, आणि व्यवसायातल्या माणसाने दिलेलं नाव इंटरनेटवरच्या पाच ताऱ्यांपेक्षा भरवशाचं.

पडताळणी

आरसीआयच्या संकेतस्थळावर नाव टाकून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद बघता येते. मेडिकल कौन्सिलवर डॉक्टरची. समुपदेशकाला शिक्षण कुठे, किती वर्षं, सध्या तुमच्या कामावर कुणाची देखरेख आहे, एवढं विचारा. चांगला माणूस रागावत नाही. नावापुढे ‘डॉ.’ असेल तर ते एमबीबीएसचं की पीएचडीचं, हेही. पीएचडी असलेला माणूस औषध देऊ शकत नाही.

‘लाइफ कोच’, ‘एनएलपी मास्टर’, ‘एका सत्रात भीती गायब’, ‘अवचेतन मनाचं रिप्रोग्रॅमिंग’ ही मंडळी हल्ली मॉलपासून रिल्सपर्यंत सगळीकडे आहेत. त्यांची फी बहुतेकदा नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टपेक्षा जास्त असते, ही यातली गंमत. पॅकेज हे त्यांचं ओळखीचं लक्षण: दहा सत्रं एकदम भरा, तीस टक्के सूट. कुणाकडेही, अगदी चांगल्या माणसाकडेही, पहिल्या भेटीतच दहा सत्रांचे पैसे भरू नका. आणि ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणून देवऋषाकडे नारळ, कोंबडं, अमावास्येच्या फेऱ्या यांवर उडालेले पैसे लोक उपचाराच्या खर्चात धरत नाहीत. धरायला हवेत. सिव्हिलच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना विचारा, दोन-दोन वर्षांची बेरीज निघते.

पहिला फोन, पहिली भेट

फोनवर सगळी कहाणी सांगायची नसते. एवढं पुरे: त्रास काय, किती दिवसांचा, आणि बोलणं मराठीत चालेल का. भाषेचा मुद्दा मी आवर्जून धरतो. शहरातल्या थेरपिस्टांच्या माहितीपत्रकांत सगळं इंग्रजी असतं, त्यामुळे लोक समजतात की तिथे इंग्रजीतच बोलावं लागेल. छातीत कसंतरी होतं, पोटात गोळा येतो, जीव लागत नाही, हे ज्या भाषेत होतं त्याच भाषेत सांगता आलं पाहिजे. परदेशात राहणारे मराठी लोक पुण्या-मुंबईच्या थेरपिस्टशी व्हिडिओवर बोलतात ते याचसाठी, आणि तिथल्या मानाने फीही कमी लागते. त्यांनी मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिथला विमा हे बिल सहसा देत नाही, आणि रात्री-अपरात्री आणीबाणी आली तर हजारो मैलांवरचा माणूस दाराशी येऊ शकत नाही, म्हणून जवळची सेवा माहीत हवी.

याच फोनवर वेळ रद्द केल्यास काय, हे विचारून घ्या. बहुतेकांचा नियम चोवीस तास आधी कळवण्याचा असतो, नाहीतर पूर्ण फी. गुरुवारी संध्याकाळचा तास तुमच्यासाठी राखलेला असतो, तो ऐनवेळी दुसऱ्याला देता येत नाही. पण हे आधी कळलेलं बरं, बिल आल्यावर नव्हे. ऑनलाइन सत्रात जाण्यायेण्याचा खर्च वाचतो, पण दोन खोल्यांच्या घरात सासूबाई पलीकडे टीव्ही बघत असताना नवऱ्याबद्दल काय बोलणार? पार्क केलेल्या गाडीत बसून, गच्चीवर जाऊन सत्रं घेणारे लोक आहेत. तसं करावं लागणार असेल तर वीस मिनिटांचा रिक्षाप्रवास परवडला.

पहिल्या भेटीत एक फॉर्म आणि संमतिपत्र येतं. ते वाचून सही करा. तुमचं बोलणं गुप्त राहील, हा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्याला अपवाद मोजके: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि अल्पवयीन मुलावरचा लैंगिक अत्याचार, जो पोक्सो कायद्याप्रमाणे कळवावाच लागतो. जीव द्यावासा वाटतो असं सांगितलं तर पोलीस केस होईल, ही भीती काढून टाका. तसा प्रयत्न केलेल्या माणसालाही २०१७चा हा कायदा तीव्र ताणाखालचा माणूस मानतो, गुन्हेगार नव्हे. अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती लागते. पण मुलगा सज्ञान असेल आणि पैसे बाबा भरत असतील, किंवा बायकोच्या सत्रांचे नवरा, तर फी भरल्याने ‘आज काय बोललीस?’ हे विचारायचा अधिकार विकत मिळत नाही. हे थेरपिस्टनेच पहिल्या दिवशी घरच्यांना सांगावं, असं तुम्ही त्याला सुचवू शकता.

नंतर प्रश्न येतात. कधीपासून, झोप कशी, घरात कोण कोण, पूर्वी काही. बाहेर पडताना हलकं वाटेलच असं नाही, उलट दोन दिवस जड जातात. पहिली तीन सत्रं ओळखीची समजा आणि त्यांवरून पुढचं ठरवा. माणूस ऐकतो की सल्ले देत सुटतो? मागच्या वेळचं त्याला आठवतं का? जात, लग्न, मूल नसणं, कुणावर प्रेम करावं, यांवर त्याची स्वतःची मतं तुमच्यावर लादतो का? सत्रात फोन घेतो का? काय करणार आहोत, हे तुम्हाला कळेल अशा शब्दांत त्याने सांगितलं का? पद्धतींची नावं बरीच ऐकू येतील. सीबीटी, कि. मो. फडके यांनी मराठी माणसांत रुजवलेला विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे आरईबीटी, आणि इतर. पद्धत तुम्ही निवडायची गरज नाही, पण त्याने ती का निवडली हे त्याला सांगता आलं पाहिजे. तीन सत्रांनंतर जमत नसेल तर बदला, आणि जाण्याआधी ‘माझं जमत नाहीये’ असं त्याच्याच तोंडावर सांगून बघा. निम्म्या वेळा त्यातूनच गाडी पुढे सरकते.

विमा आणि ऑफिस

२०१७च्या त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला लावलं. कागदावर ते छान आहे. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि थेरपीला कुणी दाखल होत नाही. म्हणून ‘मानसिक आजार समाविष्ट’ एवढं वाचून थांबू नका, ‘ओपीडी समाविष्ट आहे का, मर्यादा किती, सायकॉलॉजिस्टचं बिल चालतं का’ हे विचारा. नवी पॉलिसी घेताना चालू औषधं लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठी थांबावं लागण्याचा काळ २०२४च्या नियमांनी जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे. लपवलंत तर पुढे भलत्याच आजाराचा दावाही अडकतो. पावती दर वेळी घ्या, नोंदणी क्रमांकासह.

मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय असते, चार-सहा सत्रं फुकट. एचआरच्या कुठल्या तरी जुन्या मेलमध्ये ती पडून असते. नाव ऑफिसला कळतं का, हे आधी त्या सेवेलाच विचारा. नीट चालणाऱ्या सेवेत कंपनीकडे फक्त एकूण आकडे जातात.

आज रात्रीच निभत नसेल तर यातलं काहीच आधी करायचं नाही. १४४१६ फिरवा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२पासून चालू, चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येतं. जिवाचा धोका समोर दिसत असेल तर ११२, किंवा सरळ जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग, आणि सोबत कुणीतरी.

उपचार संपवायचाही रीतसर मार्ग असतो. आठवड्याचं अंतर पंधरवड्यावर, मग महिन्यावर जातं, आणि शेवटच्या सत्रात त्रास परत डोकावला तर काय करायचं हे लिहून घेतलं जातं. दुसऱ्या गावी बदली झाली किंवा थेरपिस्ट बदलला, तर उपचाराचा सारांश मागून घ्या. आपल्या नोंदी मिळण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. नव्या ठिकाणी तो कागद पुढे केला की पहिली दोन सत्रं इतिहास सांगण्यात जात नाहीत, म्हणजे दोन-अडीच हजार वाचले.